तीन तास छत्तीस मिनिटं

१. लाल दिवा

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काओ अमा, म्हणजे काओ आजी, पलंग आणि न्हाणीघर यांच्या मधल्या जागेत जमिनीवर सापडल्या. वय अठ्ठ्याऐंशी. डोकं खुर्चीच्या पायाला टेकलेलं. डाव्या मुठीत घंटेचं बटण, आणि त्याची वायर पलंगावरून ताणून खाली आलेली. बटणावरचा लाल दिवा लागलेला होता.

हा दिवा एकदा लागला की कुणीतरी येऊन तो हाताने बंद करेपर्यंत तसाच राहतो. म्हणजे अमांनी बटण दाबलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर त्या तासभर तरी जिवंत असाव्यात. म्हणजे त्यांनी वाट पाहिली होती.

पाच वाजता वृद्धाश्रमाच्या संचालिका लो बाईंनी सगळ्यांदेखत तेच बटण दाबून पाहिलं. टेबलावरची घंटा खणखणीत वाजली. परिचारिका आनीच्या कमरेला लावलेला पेजर थरथरला.

घंटा ठीक होती. मग आनी गेली का नाही?

सोमवारी सकाळी त्सेंग यूचेन पिंगतुंगहून तुंगकांगच्या या वृद्धाश्रमात यायला निघाली तेव्हा तिचा अहवाल तिच्या पिशवीत तयार होता. ‘सदर वेळी घंटायंत्रणा पूर्णपणे चालू होती,’ असं त्यात टाईप केलेलं होतं. फक्त वेळा भरायच्या राहिल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी ती यंत्रणा तिनेच बसवली होती, त्यामुळे तिला खात्री होती.

निदान निघताना तरी होती.

२. पाच सेकंद

“गुरुवारचं विमान आहे आनीचं, मायदेशी परत,” लो बाई म्हणाल्या. “तिला इथे कामाला आणणाऱ्या एजंटने तिकीट काढलंय. सहा वर्षं चांगलं काम केलं पोरीने, पण काय करणार? अमांचा मुलगा माझ्या दारात येऊन बसलाय. त्याला कुणाचं तरी नाव हवंय.”

“आणि ते नाव आनीचं?”

“घंटा वाजली आणि ती गेली नाही. दुसरं कुणाचं असणार? तुमचा कागद मिळाला की विश्वस्त सही करतील. एकदा नाव काळ्या यादीत गेलं की तिला परत इथे कुणी काम देणार नाही. मला आनंद होतोय का त्याचा?”

कार्यालयातल्या लोखंडी कपाटात घंटा चालवणारं ते यंत्र होतं, डब्याएवढ्या आकाराचं, काळं. त्याच्या डोक्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवलेली होती. यूचेनच्या धंद्यात ती सगळीकडेच असते. पुडी हिरवीच हवी, मुदत उलटलेली चालत नाही, आणि आतलं खायचं नाही. म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. यूचेन दर वर्षी मार्चमध्ये तपासणीला यायची, नवी पुडी ठेवायची, एका खोलीतलं बटण दाबून बघायची आणि तपासणीच्या वहीत सही करायची. जे गुणाने वागतंय त्याला उगाच डिवचायचं नाही, हा नेम सगळेच पाळतात. तीही पाळायची.

“घंटेचा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला असेल, असं होऊ शकतं?” लो बाईंनी विचारलं.

“बघा.” यूचेनने कीबोर्ड पुढे ओढला. “हा पडद्यामागचा नोकर आहे. दिसत नाही, पण सतत जागा असतो. बटण कुणी दाबलं ते ऐकतो आणि घंटा वाजवतो. मी याला आता ठार मारते.”

तिने मारलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली.

“एक, दोन, तीन, चार, पाच.”

हिरवं टिंब उमटलं. चालू.

“याच्या फाईलमध्ये मीच लिहून ठेवलंय, पडलास तर पाच सेकंदांत ऊठ म्हणून. शंभर वेळा पाडा, शंभर वेळा उठेल.”

लो बाई खूश झाल्या. यूचेनही खूश झाली. हिरव्या टिंबाच्या आसपास आणखी दोन-तीन ओळी होत्या. त्या तिने वाचल्या नाहीत.

३. नोंदी

वेळा भरण्यासाठी तिने शनिवारच्या नोंदी काढल्या.

बारा बावन्न: यंत्र बंद करण्याची आज्ञा. घंटेचा प्रोग्रॅम थांबला.

एक वाजून पाच: यंत्र सुरू. नेटवर्क सुरू. घड्याळ जुळवलं. छपाईयंत्राची सेवा सुरू.

पुढची ओळ होती चार एक्केचाळीसची. घंटेचा प्रोग्रॅम सुरू.

यूचेनने डोळे चोळले. पुन्हा वर जाऊन वाचलं. मग खुर्ची किंचित फिरवून स्क्रीन लो बाईंच्या नजरेआड केली. असं का केलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

४.

एक वाजून पाच ते चार एक्केचाळीस. या प्रकरणात कुणी काही बोलत नाही. घंटेच्या टेबलाशी पंखा फिरतो आहे. बाहेर लाल कोळंबी वाळत घातली आहे. खोली क्रमांक नऊमध्ये एक लाल दिवा लागतो.

५. आनीची उत्तरं

यूचेनने आनीला गच्चीवर गाठलं. ती चादरी वाळत घालत होती. खरं नाव रुस्मिनी, गाव जावा बेटावर, वय एकतीस. यूचेनचे प्रश्न ठरावीकच होते, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. उत्तरं अशी:

“नाही वाजला. पेजर आंघोळीलासुद्धा काढत नाही मी.”

“दोघींची पाळी होती. दुसरीला लो बाईंनी सुट्टी दिली. छिंगमिंगच्या सणाची सुट्टी होती, सगळे पूर्वजांची थडगी झाडायला गेले होते. बत्तीस माणसं आणि मी एकटी.”

“दोन वाजता डोकावले होते. अमा झोपल्या होत्या. मग पलीकडच्या टोकाला ली अकोंग आजोबांना भरवत होते. त्यांना एक घास गिळायला दोन मिनिटं लागतात.”

“नाही. फोन हातात नव्हता. असता तर असता म्हणाले असते.”

“हो.”

“हो, ऐकलं होतं.”

“काहीतरी पडल्यासारखं. धप्प. बाहेर कोळंबीच्या चाळण्या उचलतात, आपटतात. मला वाटलं तेच. घंटा वाजली नाही, म्हणून वाटलं तेच. घंटा नसती तर मी गेले असते बघायला. घंटा आहे म्हणून गेले नाही. कळतंय का तुम्हाला?”

“लो बाईंना हे नाही सांगितलं. त्या विचारत होत्या घंटा ऐकलीस का. पडलेलं ऐकलंस का, असं कुणी विचारलंच नाही.”

“घाला माझं नाव. मी ऐकलं आणि गेले नाही. गुरुवारी तशीही जातेच आहे. पण आईला घरी काय सांगू, ते तरी लिहून द्या.”

६. वीजवाला

“आता माझ्यावर आलं का?” वीजवाला शे तेचांग दुकानात बसून पीठ-अंड्याची गुंडाळी खात होता. “या, या. सगळे येऊन गेले, तुम्हीच राहिला होता.”

“शनिवारी बारा बावन्नला तू यंत्र बंद केलंस.”

“केलं. बॅटरी बदलायची होती, चालू ठेवून बदलतात का? बटण दाबलं, स्वतःहून बंद होऊ दिलं. लाथ नाही मारली.”

“सणाच्या दिवशी?”

“लो बाई म्हणाल्या, सणाच्या दिवशी कार्यालयात कुणी नसतं, कुणाची गैरसोय नाही. माझ्या बापाचं थडगं सकाळीच झाडून आलो आणि इथे मरायला आलो. बोल्ट गंजले होते, तेरा मिनिटं लागली. एक वाजून पाच मिनिटांनी चालू केलं, हिरवा दिवा लागला, मी निघालो.”

“घंटा वाजवून बघितलीस?”

घास थांबला. “त्सेंग बाई, मी वीजवाला. मी वीज दिली. उठून दात घासायचे की नाही, हे त्याचं त्याने बघायचं.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “कार्यालयातल्या आ-शुइ काकांना मेसेज टाकला होता. बॅटरी बदलली, यंत्र बंद करून चालू केलं, असा. ते सांगून ठेवतात ना नेहमी, वीज गेली-आली की मला कळवा म्हणून.”

“का कळवायचं?”

“मला काय माहीत? म्हातारा माणूस आहे. सांगतो तर ऐकायचं.”

७. आ-शुइ काका

आ-शुइ काका कार्यालयातले कारकून. वय बासष्ट. किल्ल्या त्यांच्याकडे, शिक्के त्यांच्याकडे, चहाचं भांडंही त्यांच्याकडेच. यूचेनला पाहून त्यांनी नेहमीसारखा पानं धुतलेला पहिला चहा ओतून टाकला आणि दुसरा तिच्यापुढे ठेवला.

“काका, कार्यालयाच्या यंत्राचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?”

“लो बाईंना. मला.”

“चार एक्केचाळीसला कुणीतरी आज्ञा देऊन घंटेचा प्रोग्रॅम सुरू केला. लो बाई तेव्हा डॉक्टरांबरोबर खोलीत होत्या.”

“चहा गार होतोय,” काका म्हणाले.

“शनिवारी तुम्ही कुठे होतात?”

“डोंगरावर. पूर्वजांच्या थडग्यांवर. आमचं सगळं कुटुंब, चाळीस माणसं. कमरेएवढं गवत वाढलं होतं, विळ्याने कापत होतो.” त्यांनी हात उलटे करून दाखवले. बोटांवर फोड होते. “फोन जाकिटात होता, जाकीट स्कूटरवर.”

“कधी परत आलात?”

काकांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. “मला अर्धा दिवस द्या, बाई. उद्या सकाळी सगळं लिहून देतो. माझ्या नावाने.”

“काय लिहून देणार?”

“जे झालं ते. चूक माझी आहे. मी तिथे हवा होतो.”

आनीनंतर आता काकाही स्वतःचं नाव पुढे करत होते.

८. यंत्र चहा पीत नाही

दुपारी लो बाई दार लावून तिच्यापाशी बसल्या. नोंदीतली पोकळी त्यांना दाखवणं यूचेनला एव्हाना भाग पडलं होतं.

“शे तेचांगने काहीतरी बिघडवलं,” त्या म्हणाल्या. “त्याच्या हातून आतलं काहीतरी पुसलं गेलं, असं लिहा. आनी सुटेल. त्याच्याकडे विमा आहे, त्याचं काही बिघडणार नाही.”

शक्य होतं का ते? होतं. यूचेनने सकाळी न वाचलेली ओळ आता वाचली. हिरव्या टिंबाच्या खालीच होती.

अशा नोकराला दोन वेगवेगळ्या आज्ञा द्याव्या लागतात. एक: आत्ता कामाला लाग. दुसरी: यंत्र जेव्हा जेव्हा उठेल, तेव्हा तूही ऊठ. दुसरी दिली की त्याचं नाव हजेरीपटावर चढतं. पहिली दिली की घंटा वाजते. दुसरी दिली आहे की नाही, हे घंटा वाजवून कळत नाही.

स्क्रीनवरची ओळ सांगत होती: हजेरीपटावर नाव नाही.

पण नाव कुणी पुसलं असेल, तर त्याआधी ते तिथे असायला हवं. यूचेनने तीन वर्षांच्या नोंदी उघडल्या. यंत्र कधी कधी उठलं आणि त्यानंतर किती वेळाने घंटा उठली, एवढंच वेगळं काढलं. वीज जास्त वेळ गेली की जुनी बॅटरी टिकत नसे, यंत्र बंद पडून पुन्हा उठत असे. असं शनिवारआधी अकरा वेळा झालं होतं.

पहिल्यांदा: बावन्न मिनिटं.

मग: चार. नऊ. सहा. अकरा. सात. चार. अडतीस. पाच. आठ. सहा.

तिने यादी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना खुर्ची पुढे ओढली.

“काय झालं?” लो बाई म्हणाल्या.

“हजेरीपटावर नाव असतं, तर यंत्र उठल्यावर तो तीन-चार सेकंदांत उठला असता. दर वेळी तेवढ्याच. मिनिटं लागली नसती.” तिने बोट एकेका आकड्यावरून फिरवलं. “ही माणसाची वेळ आहे. जिना चढून येण्याची. किल्ली शोधण्याची. कपात चहा असेल तर तो संपवण्याची. यंत्र चहा पीत नाही, लो बाई.”

“मग हे अडतीस?”

“रविवार सकाळ आहे. बाजारात असेल बहुतेक.”

“कोण?”

“नाव कुणीही पुसलेलं नाही. ते कधी लिहिलंच नव्हतं. तीन वर्षं एक माणूस वीज आली की धावत येतोय आणि हाताने घंटा उठवतोय. शनिवारी तो डोंगरावर होता.”

लो बाईंचा चेहरा उजळला. त्यांना नाव मिळालं होतं. “आ-शुइ! आणि गप्प बसला? अहो, मग तर सरळ आहे. काय लपवलं त्याने! लिहा.”

यूचेनने लिहिलं नाही. ती यादीतल्या पहिल्या आकड्याकडे बघत होती. बावन्न मिनिटं. तारीख एकोणीस ऑगस्ट. त्या दिवशी वादळ झालं होतं.

९. एकोणीस ऑगस्ट

वादळाच्या दुसऱ्या तासाला ती फांगलियाओमधल्या एका औषधाच्या दुकानात गुडघाभर पाण्यात उभी होती. हातात कुणाचा तरी भिजलेला संगणक. फोन खांद्यात धरलेला.

पलीकडून आ-शुइ काका: “बाई, वीज आली पण घंटा वाजत नाही.”

आणि तिला त्या क्षणी कळलं होतं. नीट, स्वच्छ कळलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी तिने पहिली आज्ञा दिली, घंटा वाजली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, टेबलावर टूना माशाचे काप आले आणि कुणीतरी तिचा हात धरून तिला जेवायला नेलं. दुसरी आज्ञा जेवणानंतर द्यायची राहून गेली होती.

फोनवर तिने काकांना एक ओळ अक्षर-अक्षर करून लिहून घ्यायला लावली. पहिल्या आज्ञेची. “ही टाईप करा, वाजेल. वीज गेली-आली की एवढंच करायचं. पुढच्या आठवड्यात येऊन कायमचं करून देते.”

दुसरी आज्ञाही तेवढीच लांब होती. तीच सांगितली असती तर? पण तिला वाटलं होतं, एवढं स्वतः येऊन करावं. फोनवर सांगितलं तर आपण विसरलो होतो हे काकांना कळेल.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. आली ती मार्चमध्ये. पुडी बदलली, बटण दाबलं, घंटा वाजली. यंत्र बंद करून चालू करून बघितलं असतं तर पाच मिनिटांत उघडं पडलं असतं. पण गुणाने वागणाऱ्या यंत्राला कोण डिवचणार? त्यानंतरच्या मार्चमध्येही तेच. गेल्या महिन्यातही तेच. वहीत तिच्या तीन सह्या.

ती खाली गेली तेव्हा काका फाटकापाशी स्कूटर पुसत होते.

“काका, तुम्ही एकदाही मला विचारलं नाहीत, की कायमचं कधी करून देणार?”

“तुम्ही सांगितलं होतं ना, वीज आली की एवढंच करायचं? मला वाटलं, हेच कायमचं.” ते ओशाळं हसले. “मी कुणाला सांगितलं नाही. लो बाई म्हणाल्या असत्या, म्हातारा यंत्राशी काय खेळतोय. पण खरं सांगू? मला बरं वाटायचं. वीज यायची, सगळे दिवे-पंखे आपोआप सुरू व्हायचे, आणि ही एक घंटा माझ्यासाठी थांबलेली असायची. अकरा वेळा बाई, एकदाही चुकलो नाही. बाराव्या वेळी चुकलो.”

“तुम्ही चुकला नाहीत.”

“मेसेज चार वाजता बघितला. येईपर्यंत त्या गेलेल्या. तरी मी वर जाऊन आधी ओळ टाईप केली. सवयीने. मग लो बाईंनी घंटा वाजवून दाखवली, आनीकडे बोट दाखवलं, आणि माझी जीभ उचलली नाही. तीन दिवस झाले.” त्यांनी फडकं पिळलं. “पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. माझं नाव लिहा. तुमचा धंदा आहे, पोरीला घर आहे. मला काय?”

ते मनापासून बोलत होते, आणि ते स्वीकारणं सोपं होतं. यूचेन दोन श्वास तिथेच उभी राहिली. त्या दोन श्वासांत तिने ते स्वीकारलं होतं, हे तिला पुढे आयुष्यभर आठवणार होतं.

मग ती म्हणाली, “उद्या एक वाजता सगळ्यांना बोलवा. अमांच्या मुलालाही.”

१०. खोली क्रमांक नऊ

मंगळवारी एक वाजता काओ छिंगयुआन आईच्या पलंगावर बसला. पन्नाशीतला बोटवाला, मान उन्हाने करपलेली. दाराशी लो बाई, एजंट, शे तेचांग. आ-शुइ काका भिंतीला टेकून. आनी लांब मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला, शनिवारी होती तिथेच, पेजर कमरेला.

“हे नाटक कशाला?” काओ म्हणाला. “पोरगी झोपली होती, एवढं सांगून टाका ना.”

“आत्ताच मी यंत्र बंद करून चालू केलंय,” यूचेन म्हणाली. “शे साहेबांनी शनिवारी केलं तसंच. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. बटण दाबा.”

त्याने दाबलं. लाल दिवा लागला.

काही झालं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. मग अंगठा तसाच दाबून ठेवला. मार्गिकेत आनी उभी होती, दाराकडे तोंड करून. पेजर गप्प होता. लो बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. एजंटने खोकला दाबला. काओ दाबतच राहिला. त्याच्या आईने किती वेळ दाबलं असेल, याचा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसत होता.

“बंद करा हे,” तो शेवटी म्हणाला. “कुणी केलं?”

काका भिंतीपासून पुढे झाले. “मी शनिवारी—”

“काका, मागे व्हा,” यूचेन म्हणाली. “मी केलं.”

तिने सांगितलं. दोन आज्ञा, टूनाचे काप, वादळातला फोन, ‘पुढच्या आठवड्यात’, तीन सह्या. आनीला घंटा ऐकू येणं कसं शक्यच नव्हतं, शे तेचांगने त्याचं काम कसं नीट केलं, काकांनी अकरा वेळा तिचं काम कसं केलं. बोलताना कुठेही अडखळली नाही. ऐकणाऱ्यांना ते उलट जास्त वाईट वाटलं असावं.

“काल सकाळी तर म्हणत होतात शंभर वेळा उठेल!” लो बाई उसळल्या. “आणि मी तुमच्या भरवशावर या पोरीला—”

“पडला तर उठतो. यंत्राबरोबर उठायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.”

“दुसरी आज्ञा द्यायला किती वेळ लागतो?” काओने विचारलं.

“दोन सेकंद.”

“मग द्या.”

ती कार्यालयात गेली. काका मागोमाग आले. तिने दुसरी आज्ञा दिली, यंत्र बंद केलं, चालू केलं. स्क्रीन काळी झाली, ओळी सरकू लागल्या. काकांचा हात आपोआप कीबोर्डकडे गेला.

“नको, काका.”

“हो. हो. सवय.” त्यांनी हात मागे घेतला, आणि त्याचं काय करावं ते न कळल्यासारखा पोटापाशी धरून ठेवला.

हिरवं टिंब उमटलं. कुणी काही टाईप केलं नव्हतं.

“दाबा!” यूचेन ओरडली.

घंटा वाजली. आणि तिच्यामागोमाग सपाता वाजल्या. आनी धावत सुटली होती. हा प्रयोग आहे हे तिला माहीत होतं. तरी पाय थांबले नाहीत. यूचेनने कार्यालयाच्या दारातून तिला जाताना पाहिलं. खोलीच्या उंबऱ्यावर ती धापा टाकत थांबली.

आतून काओचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “ही आली असती.”

“आले असते,” आनी म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

११. सातवा दिवस

एजंटने तिकीट रद्द केल्याचा फोन तिथेच, मार्गिकेत उभ्या उभ्या केला. आनीने ऐकलं आणि म्हणाली, “राहीन. पण नऊ नंबरची खोली मला देऊ नका.” लो बाई हो म्हणाल्या. आज त्या कशालाही हो म्हणाल्या असत्या.

यूचेनने कबुलीचा कागद सही करून विश्वस्तांसाठी लो बाईंच्या हाती दिला. पोलिसांना एक प्रत लागेल, तीही दिली. करायचं ते झालं होतं. हलकं वाटेल अशी तिची कुठेतरी समजूत होती. वाटलं नाही.

फाटकापाशी काओने तिला थांबवलं. हातात आईच्या कपड्यांची पिशवी होती.

“कागद मला नको,” तो म्हणाला. “मला कायद्याचं कळत नाही, ते वकील बघेल. दुसरंच सांगायचंय. शुक्रवारी आईचा सातवा दिवस आहे.”

“हो.”

“त्या दिवशी आई शेवटची घरी येते. दरवाजा उघडा ठेवणार, तिच्या आवडीचं सगळं मांडणार. दर वर्षी छिंगमिंगला मी तिला बाबांच्या थडग्यावर न्यायचो. या वेळी म्हणालो, चढ आहे, पुढच्या वर्षी जाऊ. ते मी तिला सांगणार आहे.” त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तुम्ही तुमचं सांगा. कुणी का आलं नाही, ते तिला अजून माहीत नाही. ती आनीवर रागावली असेल. माझ्यावर रागावली असेल.”

“येते,” यूचेन म्हणाली. “किती वाजता?”

“सकाळी. आणि ते दोन आज्ञा, हजेरीपट असलं काही नको. शाळेत गेलेली नव्हती ती. तिला समजेल असं सांगा.”

तो गेला. यूचेन गाडीत बसली, पण गाडी सुरू केली नाही. तिला समजेल असं. तिने मनातल्या मनात सुरुवात करून पाहिली. मी विसरले, असं म्हणावं, तर ते खोटं. तिला आठवत होतं. वेळ मिळाला नाही, हेही खोटं. एकेक वाक्य ती पुसत गेली. वाळलेल्या कोळंबीच्या चाळण्या उचलून घेऊन बायका घरी गेल्या, तेव्हा कुठे एक वाक्य उरलं. तेवढंच खरं होतं, आणि तेच तिला आधी सांगायचं होतं.

अमा, तुम्ही बटण बरोबर दाबलं होतं.